वकील-एजंटाकडे न जाता कायद्याची आणि सरकारी नियमांची खात्रीची माहिती कुठे मिळते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील वारले, सातबाऱ्यावर वारस लावायचे आहेत. तलाठी एक सांगतो, भाऊबंद दुसरं, कचेरीबाहेरचा एजंट तिसरंच. मग सामान्य माणसाने खरं काय ते वाचायचं कुठे?

मी जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यात आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. वकील नाही, पण दिवसभर हीच कागदं हातात असतात. माझं सांगणं एवढंच की समोरच्याला "काय करू?" असं न विचारता "हे कशात लिहिलंय?" असं विचारा. तो जे बोलतोय ते एक तर कायद्याच्या कलमात असेल, नाहीतर शासन निर्णयात, नाहीतर तुमच्या गावच्या नोंदीत. तिन्हीत कुठेच नसेल तर ते त्याचं स्वतःचं मत. या तिन्ही गोष्टी घरबसल्या वाचता येतात.

नोंदीपासून सुरू करा, कारण तुमचं काम तिथेच अडकलंय. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर सातबारा आणि आठ-अ (खातेउतारा) फुकट दिसतो, पण तो फक्त बघण्यापुरता. बँकेत किंवा कचेरीत द्यायचा तर डिजिटल सहीचा काढा, 15 रुपये पडतात. उताऱ्यावर फेरफार क्रमांक असतात (फेरफार म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाची नोंद), ते वहीत उतरवून घ्या. जमीन तुमच्या घराण्यात कशी आली ते त्या क्रमांकांतूनच कळतं. जुने फेरफार स्कॅन करून 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर टाकलेत, धुळे-नंदुरबारचे तर अगदी पहिल्या टप्प्यापासून. नंदुरबारकरांसाठी एक जादा गोष्ट: जिल्हा 1 जुलै 1998 ला वेगळा झाला. त्याआधीचा कागद नंदुरबारला मिळाला नाही तर "रेकॉर्ड नाही" एवढ्यावर परत फिरू नका, धुळ्यालाही विचारा.

'आपली चावडी' हे सरकारी संकेतस्थळ फार कमी लोक उघडतात. गावात कुठला फेरफार धरलाय त्याची नोटीस तिथे लागते आणि हरकत घ्यायला 15 दिवस असतात. भाऊबंदकीचं प्रकरण असेल तर आठवड्यातून एकदा तरी तिथे नजर टाका. नोंद मंजूर झाल्यावर आरडाओरड करणारे मी पुष्कळ पाहिलेत.

आता कायदा. केंद्राचे आणि राज्याचे कायदे 'इंडिया कोड' या सरकारी संकेतस्थळावर दुरुस्त्यांसकट वाचायला मिळतात. तुम्हाला लागणारा आहे महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966. सगळा वाचायची गरज नाही. कलम 149 वाचा: वारशाने हक्क आला की तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं. मग कलम 150: फेरफार कसा धरतात, नोटीस कुणाला देतात, नोंद कोण प्रमाणित करतो. चार पानांचं काम आहे. तलाठ्याचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, काम तेच. वारसांसाठी गाव नमुना 6-क नावाची वेगळी नोंदवही असते आणि अर्ज ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइनही जातो. "साहेब भेटत नाहीत" ही सबब त्यामुळे राहत नाही.

बहिणींचं तुम्ही विचारलं नाही, पण विचारणारच आहात. आपल्याकडे "बहिणींची नावं कशाला, त्यांना लग्नात दिलं ना" हे इतक्या सहज म्हणतात की तोच कायदा वाटायला लागतो. हिंदू वारसा कायद्यात 2005 साली दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी जन्मानेच मुलाइतकी हिस्सेदार झाली. दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, म्हणजे 9 सप्टेंबर 2005 ला, वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. आईचं नावही लागतंच. बहिणीला हक्क सोडायचा असेल तर तिने राजीखुशीने नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावं. कोऱ्या कागदावरच्या सहीला अर्थ नाही. आणि सातपुड्यातल्या पावरा, भिल्ल भावांनी लक्षात ठेवा, हा हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही. मोबाईलवरचा व्हिडिओ बघून हे कळत नाही, कलम 2 वाचल्यावर कळतं.

निकाल वाचायचे तर सर्वोच्च न्यायालयाचे त्याच्याच ई-एससीआर या संकेतस्थळावर फुकट आहेत, काहींचा मराठी अनुवादही सापडतो. गावातल्या दाव्याची तारीख, आदेश ई-कोर्ट्सच्या ॲपवर 16 अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांकाने (प्रत्येक दाव्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) दिसतात. वकिलाकडून फक्त तो क्रमांक मागून घ्या, मग "तारीख काय पडली" म्हणून दर वेळी फोन करावा लागत नाही.

शासन निर्णय, म्हणजे जीआर, यात मात्र सगळ्यात जास्त फसवणूक चालते. माझ्याकडे माणूस येतो, मोबाईल पुढे करतो, "भाऊ, जीआर निंघना म्हने, खरं शे का?" (जीआर निघाला म्हणतात, खरं आहे का?) मी आधी शेवटचं पान बघतो. खऱ्या जीआरच्या शेवटी एक लांबलचक संकेतांक असतो आणि हा निर्णय डिजिटल स्वाक्षरीने साक्षांकित केल्याचं वाक्य असतं. संकेतांकाची सुरुवात वर्ष, महिना, तारीख अशी असते. तो आकडा राज्य शासनाच्या संकेतस्थळावर शासन निर्णयांच्या शोधात टाका. पीडीएफ आली तर खरा. न आलेला जीआर मी कुणाच्या अर्जाला जोडत नाही, मग पाठवणारा सरपंच असो की आणखी कुणी. जीआरच्या वर 'वाचा' म्हणून जुन्या निर्णयांची यादी असते, तीही सोडू नका. पुष्कळदा खरा नियम जुन्या निर्णयात असतो आणि नव्याने फक्त मुदत वाढवलेली असते.

तारीख बघायची सवय कायद्यालाही लावा. घरात भारतीय दंड संहितेचं जुनं पुस्तक असेल तर 1 जुलै 2024 पासूनच्या गुन्ह्यांना ते लागू नाही, तिथे भारतीय न्याय संहिता लागते. त्याआधी घडलेल्या गुन्ह्याला जुनंच.

कागद असूनही कचेरी देत नसेल तर माहितीचा अधिकार. अर्जाला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालच्याला तोही नाही. एका अर्जात एकच विषय, 150 शब्दांच्या आत, असा आपल्या राज्याचा नियम आहे. "माझ्यावर अन्याय का केला?" असं लिहिलं तर उत्तर मिळत नाही. "अमुक तारखेच्या अर्जावर झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत द्यावी" असं लिहा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील तिथल्याच वरिष्ठाकडे, दुसरं राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे. त्याहून सोपा मार्ग म्हणजे सोमवारी दुपारी 3 ते 5 जिल्हा पातळीवरच्या कचेऱ्यांत जाऊन अभिलेख बघणे. सामान्य प्रशासन विभागाने 2018 मध्ये तसं परिपत्रक काढलं होतं, ते अजून लागू आहे का ते जाण्याआधी तपासा. कर्मचाऱ्यालाच माहीत नसेल तर परिपत्रकाची प्रत सोबत न्या.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर एजंट शोधू नका. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं, तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग यांना उत्पन्न न बघता वकील मोफत मिळतो. फोन 15100. धडगाव-अक्कलकुव्याच्या माणसाने तर हा नंबर भिंतीवर लिहून ठेवावा.

एक घोळ आधीच टाळा. आपला महसूल विभाग नाशिकचा, पण उच्च न्यायालय छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठाचं. मंडळ अधिकाऱ्याने नोंद नामंजूर केली तर अपील प्रांताकडे (उपविभागीय अधिकारी), 60 दिवसांत. त्यापुढे जिल्हाधिकारी, मग नाशिकचे आयुक्त. हा रस्ता सोडून एकदम संभाजीनगरला चला म्हणणारा भेटला तर त्यालाही कलम विचारा. आणि नामंजुरीच्या आदेशाची नक्कल त्याच दिवशी मागून ठेवा, ती नसेल तर प्रांत कचेरीत अपील घेताना पहिली अडचण तीच येते.