फोटो बूथ आणि कार्यक्रमाचं सामान भाड्याने देण्याच्या धंद्यात खरंच पैसे सुटतात का?

४ लाखांचं कर्ज काढायचं, थ्री-सिक्स्टी (माणसाभोवती कॅमेरा फिरवून व्हिडिओ काढणारा) आणि प्रिंटवाला (फोटो काढून लगेच छापून देणारा) असे दोन्ही बूथ घ्यायचे, नोकरी सोडायची आणि वर्ष-दीड वर्षात मोकळं व्हायचं, असा तुमचा बेत प्रश्नावरून दिसतो. मी नाशिकमध्ये ७ वर्षं हाच धंदा करतोय. पैसे सुटतात. पण तुम्ही गणित मशीनवर मांडलंय, ते तारखांवर मांडायला हवं.

माझ्या एका कार्यक्रमाचा हिशेब सांगतो. तीन तासांचे १२,००० घेतो. साधारण २२० प्रिंट निघतात, एक मला ९ रुपयांना पडतो, म्हणजे २,००० गेले. दोन पोरं, ८०० प्रमाणे १,६००. छोटा हत्ती टेम्पो जाऊन-येऊन १,५००. पडद्याची धुलाई, फोटोसाठी ठेवलेले पण मोडलेले गमतीचे चष्मे, हरवलेल्या खोट्या मिशा, ४०० धरा. काम ज्या डेकोरेटरकडून आलं त्याचे दहा टक्के, १,२००. हातात उरले ५,३००. आता ४ लाख, ३ वर्षं, १३ टक्के व्याज धरलं तर हप्ता साडेतेरा हजारांच्या आसपास बसतो, वर्षाचे १ लाख ६२ हजार. म्हणजे दरवर्षी पहिले ३०-३१ कार्यक्रम बँकेचे. मला चांगल्या वर्षात बूथच्या ४५ तारखा मिळतात, आणि तेही एवढी वर्षं घासल्यावर.

तारखा का मिळत नाहीत, ते पंचांगात आहे. तुळशीचं लग्न लागलं की फोन सुरू होतात, पौषात बहुतेक घरं थांबतात, मग माघापासून पुन्हा धांदल. आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की कार्तिकीपर्यंत लग्नाचं नाव नाही. त्यात अधिक महिना आला तर विचारूच नका. २०२६चं पंचांग उघडा: १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ. ऐन सुट्टीतला महिना गेला. मी त्या सालाच्या तारखा आधीच मोजून ठेवल्या होत्या, म्हणून त्या वर्षासाठी नवीन काही घेतलं नाही.

आणि दाट तिथीला, म्हणजे एकाच दिवशी खूप लग्नं असली की, नेमकं उलटं होतं. एकाच दिवसासाठी सहा फोन, मशीन एक. अशा वेळी दुसरं मशीन घ्यायचा मोह होतो. घेऊ नका. ते मशीन वर्षातून आठ-दहा दिवस बाहेर जाईल आणि बाकी दिवस घरात कापडाखाली बसेल. मी आणि गंगापूर रोडचा माझा एक स्पर्धक, आम्ही दाट तिथीला एकमेकांचं सामान फिरवतो. काम ज्याचं त्याला चाळीस टक्के, सामान ज्याचं त्याला साठ. पहिली दोन वर्षं आम्ही एकमेकांच्या लॉन्सवाल्यांना फोन करून दर पाडायचो, दोघांचंही भागत नव्हतं.

त्यापेक्षा एकाच लग्नात तीनदा शिरा. साखरपुडा, हळद आणि लग्न. हळदीचा कार्यक्रम हल्ली लग्नाएवढाच मोठा होतो. पण हळदीत प्रिंटर कसा ठेवायचा, ते मी नुकसान सोसून शिकलो. पहिल्याच हळदीला प्रिंटर पाटाच्या शेजारीच लावला होता. डीजे सुरू झाला, मुठी भरभरून हळद उडाली, आणि अर्ध्या तासात प्रत्येक फोटोत नवरीच्या गालावरून बारीक पांढरी रेघ उतरायला लागली. हे प्रिंटर शाईचे नसतात. रिबनवर पिवळा, गुलाबी, निळा असे रंगांचे तुकडे असतात, तापलेलं हेड तो रंग कागदावर उतरवतं, वरून पारदर्शक थर देतं. हेडला धुळीचा एक कण चिकटला की तेवढ्या जागी रंग लागत नाही. कारवल्यांची रांग उभी, आणि मी मांडवामागे मोबाइलच्या उजेडात आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या मऊ कापडानं हेड पुसतोय. आता हळदीला प्रिंटर पाटापासून वीस-पंचवीस फूट लांब, वारा जिकडून येतो त्या अंगाला. युपीएसही लागतोच. लॉन्सवर वीज गेल्यापासून जनरेटर लागेपर्यंत जे काही सेकंद जातात, त्यात चालू प्रिंट आणि रिबनचा तेवढा भाग दोन्ही वाया.

‘अनलिमिटेड प्रिंट’ हा शब्द जाहिरातीत टाकू नका. १९२५मध्ये अनातोल जोसेफोनं न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर पहिलं फोटोमॅटन, म्हणजे नाणं टाकून फोटो काढायचं बूथ, उघडलं, तेव्हा गिऱ्हाईक २५ सेंट टाकायचं आणि आठ फोटो घेऊन जायचं. जेवढे फोटो, तेवढी कमाई. आपल्याकडे पैसे यजमान एकदाच देतो आणि पाहुण्यांना सगळं फुकट, म्हणजे जेवढे फोटो तेवढा खर्च. एकदा नवऱ्याच्या मित्रांनी एकच पोझ चाळीस वेळा काढली होती.

त्यावर मी असा तोडगा काढला. चार बाय सहाच्या एका प्रिंटमधून दोन उभ्या पट्ट्या निघतात. एक पाहुण्याला, दुसरी तिथेच वहीत चिकटवायची आणि शेजारी पाहुण्यानं दोन ओळी लिहायच्या. या वहीचे वेगळे १,५०० घेतो. लिहायला बसलं की रांग आपोआप मंदावते, प्रिंट वाचतात. ओझरच्या एका लग्नात नवरीची आजी आली. काउंटडाउनचे आकडे तिला कळेनात, तीनही फोटोत डोळे मिटलेले. वहीत मात्र तिनं पेन घट्ट धरून ‘नांदा सौख्यभरे’ लिहिलं, खाली स्वतःचं पूर्ण नाव, त्याखाली माहेरचं गाव. त्या घरातून मला नंतर तीन कामं आली. फोन करणारा प्रत्येकजण म्हणाला, ‘ती वही असते ना तुमच्याकडे?’

थ्री-सिक्स्टीबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. तो दिसतो भारी, पण फिरणाऱ्या दांड्याजवळ पदर, शेला, लहान मुलं, सगळ्यांवर एक माणूस डोळ्यात तेल घालून ठेवावा लागतो. आणि आता गल्लीगल्लीत झाल्यामुळे दर पडलाय.

माझ्याकडची सगळ्यात कमाऊ वस्तू सांगितली तर हसाल: मिस्ट फॅन. पाण्याचे तुषार उडवणारा मोठा पंखा. एक मला ९,००० ला पडला, एका वेळेचं भाडं ७००, तेराव्या खेपेला वसूल. जवळ पोरगा उभा करावा लागत नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारच्या मुहूर्ताला माझे आठही पंखे बाहेर असतात. टेम्पो बूथसाठी जातोच आहे, त्यातच चार पंखे आणि नवरा-नवरीच्या नावाची दिव्यांची अक्षरं टाकली की टेम्पोचं भाडं तेवढंच, कमाई मात्र तिप्पट. बूथमुळे लोक फोन करतात, घर या बाकीच्या सामानावर चालतं. फक्त पंख्याचे तुषार प्रिंटरच्या दिशेनं जाऊ देऊ नका, कागद दमट झाला की संपलं.

चातुर्मासात सातपूर-अंबडच्या कंपन्यांचे कार्यक्रम आणि वाढदिवस धरा. कंपन्या बिलातून टीडीएस (आधीच कापून घेतलेला आयकर) कापतात आणि जीएसटी नंबर मागतात. सेवेच्या धंद्यात वर्षाला २० लाखांच्या आत नोंदणी सक्तीची नाही, पण नंबर नसेल तर काही ठिकाणी दारातूनच परत पाठवतात. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) मात्र पहिल्याच आठवड्यात करून टाका, ती फुकट आहे. ती असली की लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे देणं कायद्यानं बंधनकारक होतं. एका इव्हेंटवाल्यानं माझे ३८,००० आठ महिने अडकवले होते, तेव्हा माझ्याकडे ना उद्यम होतं, ना लेखी ऑर्डर. लग्नाच्या कामात निम्मे पैसे तारीख धरताना आणि उरलेले बूथ सुरू करण्याआधी. पाहुणे पांगल्यावर यजमान सापडत नाही. सामानाची मोजदादही त्याच रात्री, कार्यालयाच्या माणसाची सही घेऊन. ‘उद्या बघू’ म्हटलं की दिव्यांचं एक अक्षर गेलंच.

तेव्हा नोकरी सध्या सोडू नका. तुळशीच्या लग्नानंतरच्या पाच तारखा धरा, बूथ कुणाचा तरी भाड्यानं आणा, काम स्वतः उभं राहून करा. त्यानंतरही घ्यावासा वाटला तर प्रिंटर सेकंडहँड चालेल, पण लॅपटॉपला जोडून आजवर किती प्रिंट निघालेत तो आकडा आधी बघा. बहुतेक चांगल्या प्रिंटरमध्ये तो असतो. विकणारा ‘दोन-चार लग्नंच झालीत’ म्हणेल. पूर्ण करड्या रंगाचं एक पान छापून घ्या, रेघ असेल तर त्यात लगेच दिसेल.