ऑक्टाव्हिया आरएस महाग का झाली: इंजिनामुळे की किमतीच्या गणितामुळे?

स्कोडा ऑक्टाव्हिया या गाडीची वेगवान आवृत्ती आरएस हातोहात खपते, तरी कंपनी मोजक्याच गाड्या का आणते आणि किंमत पन्नास लाखांपर्यंत कशी पोहोचली, असे आपण विचारले आहे. माझ्या मते याचे उत्तर आरएसच्या इंजिनापेक्षा साध्या ऑक्टाव्हियाच्या इंजिनांत आहे.

२०१७ मध्ये २३० पीएस (इंजिनाची ताकद मोजण्याचे एकक) ताकदीची आरएस २४.६२ लाखांना (एक्स-शोरूम) आली. तेव्हा साधी ऑक्टाव्हिया १.४ व १.८ लिटर पेट्रोल आणि २.० लिटर डिझेल अशा तीन इंजिनांत मिळत असे, तिची किंमत साडेपंधरा लाखांच्या आसपास सुरू होई, आणि छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा येथे तिची जुळवणी होत असल्याने वेगवान आवृत्तीचा खर्चही आटोक्यात राही. कमी इंधनखर्च पाहणारा डिझेल घेई, बजेट सांभाळणारा १.४ घेई, आणि या सर्वांच्या खरेदीवर आरएस उभी होती.

२०२० मध्ये बीएस-६ हे प्रदूषणाचे कडक निकष आले आणि डिझेल इंजिन गेले. त्याच वर्षीची २४५ पीएसची आरएस तयार गाडी म्हणून आयात झाली: २०० गाड्या, प्रत्येकी ३५.९९ लाख. २०२१ च्या नव्या ऑक्टाव्हियाला १९० पीएसचे २.० लिटर पेट्रोल हे एकच इंजिन मिळाले आणि किंमत २५.९९ लाखांपासून, म्हणजे २०१७ च्या आरएसपेक्षाही वर सुरू झाली. इंजिन अप्रतिम होते, पण आधीचे बहुतेक ग्राहक त्या किमतीत बसत नव्हते. २०२३ मध्ये ती गाडी बंद झाली आणि आरएसला आयातीखेरीज मार्ग उरला नाही.

२०२५ ची २६५ पीएसची आरएस ४९.९९ लाखांची होती, आणि आणलेल्या सर्व शंभर गाड्या किंमत जाहीर होण्याआधीच नोंदल्या गेल्या. आठ वर्षांत ताकद सुमारे १५ टक्क्यांनी वाढली, किंमत दुप्पट झाली. मोठ्या इंजिनावरच्या कराला दोष देणे मला पटत नाही, कारण चार मीटरपेक्षा लांब पेट्रोल गाडीवर इंजिन एक लिटरचे असो वा दोन, जीएसटी आता ४० टक्केच आहे. खरा भार तयार गाडीच्या आयात शुल्काचा आहे, जे स्वस्त गाड्यांवरही सुमारे ७० टक्के पडते.

चाकणला बनणाऱ्या फोक्सवॅगन व्हर्टसने ११५ पीएसचे १.० लिटर आणि १५० पीएसचे १.५ लिटर अशी दोन्ही इंजिने ठेवली, म्हणूनच तिची जीटी ही वेगवान आवृत्ती नोकरदार उत्साहीच्या आवाक्यात राहिली. ऑक्टाव्हिया पुन्हा इथे जुळवायची असेल, तर आधी तिच्यासाठी असेच लहान, स्वस्त इंजिन आणावे, असे मला मनापासून वाटते.