जमेच्या बाजूला न लिहिलेले तीन हजार

‘बाहेरचं खाणं नाही, फिरणं नाही, कपडे वर्षातून एकदा, तरी वीस तारीख उलटली की पैसे संपतात आणि घरात बोलाचाली सुरू होते. आमचं नेमकं चुकतं कुठे?’ नाशिकमध्ये समुपदेशन करताना हा प्रश्न मी इतक्या जणींकडून आणि अलीकडे इतक्या जणांकडून ऐकला आहे की, पुढचे वाक्य काय असणार हे मला बहुतेक वेळा आधीच ठाऊक असते. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत नोकरी करणाऱ्या घरांमध्ये तो अधिक टोकदार होतो, कारण तिथे पगाराचा मोठा भाग ओव्हरटाइमवर अवलंबून असतो आणि ऑर्डरी कमी झाल्या की घरातील हिशेबही डळमळतो. या प्रश्नाला कोष्टकांनी उत्तर देता येत नाही, असे माझे मत आहे. ते का, हे सुनीताताई आणि विलासराव यांच्या घराच्या निमित्ताने सांगते. नावे आणि ओळखीच्या खुणा अर्थातच बदललेल्या आहेत.

सुनीताताई प्रथम एकट्याच आल्या. यजमान वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, घरी मधुमेह असलेल्या सासूबाई, मुलगी दहावीत, मुलगा सातवीत, दोन खोल्यांच्या घराचा 7,800 रुपयांचा हप्ता, आणि स्वतः त्या ब्लाउज शिवणे व फॉल-पिको करून महिन्याला चारेक हजार मिळवणाऱ्या. निमित्त मुलीचे होते. शाळेची सहल 650 रुपयांची होती. मुलीने घरी सहलीचा विषयच काढला नाही, आणि शाळेत मात्र ‘आई आजारी आहे, म्हणून येत नाही’ असे सांगून टाकले. बाईंनी आपुलकीने चौकशीचा फोन केला तेव्हा सुनीताताई मशीनवर बसून शिवत होत्या.

‘मी नाही म्हटलं असतं का हो मॅडम? पण तिने विचारलंच नाही. मला विचारायचीच तिला भीती वाटते.’

सोबत त्यांनी जमाखर्चाची वही आणली होती. इतकी नेटकी वही मी क्वचितच पाहिली असेल. दहा रुपयांची कोथिंबीर, गिरणीचे दळण, सासूबाईंच्या गोळ्या, मुलाचे भूमितीचे साहित्य, सगळे तारीखवार लिहिलेले होते. मी बरीच पाने उलटली आणि विचारले, ‘ताई, या वहीत तुमच्या स्वतःसाठीचा खर्च कुठे आहे?’

‘मला काय लागतं?’

‘आणि यजमानांचा?’

‘पेट्रोल लिहिलंय ना. बाकी ते सांगत नाहीत, मी विचारत नाही. विचारलं की भांडण.’

या टप्प्यावर अनेक जण खर्चाची यादी घेऊन बसतात आणि कुठे कात्री लावायची ते शोधतात. लोकप्रिय 50-30-20 चे सूत्रही अशा वेळी पुढे केले जाते: निम्मे उत्पन्न गरजांना, तीस टक्के हौसेला, वीस टक्के बचतीला. ज्या घरात हप्ता, किराणा, औषधे, वीज, गॅस आणि क्लास यांतच पंचाऐंशी-नव्वद टक्के जातात, तिथे हे सूत्र ऐकवणे म्हणजे माणसाला विनाकारण अपराधी करणे होय. शिवाय या वहीत कात्री लावायला काही उरलेच नव्हते. मी कुटुंबाकडे एक सलग व्यवस्था म्हणून पाहणाऱ्या विचारधारेची आहे. दोन माणसांमधील ताण त्यांना पेलवेनासा झाला की तो तिसऱ्यावर जाऊन बसतो, हे अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ मरे बोवेन यांनी मांडलेले निरीक्षण मला माझ्या कामात पुन्हा पुन्हा खरे ठरताना दिसले आहे. त्यामुळे सहलीला न गेलेल्या मुलीला मी आधी बोलावले नाही, विलासरावांना बोलावले.

विलासराव मोकळे, बोलघेवडे गृहस्थ. तक्रार त्यांचीही होतीच. ‘मॅडम, घरात पोलीस स्टेशन झालंय. दोनशे रुपयाचं काही आणलं तरी जबाब द्यावा लागतो. मी काय दारू पितो का?’ ते पीत नव्हते, हे सुनीताताईंनीही लगेच मान्य केले. काही वेळ असाच उणेदुणे काढण्यात गेला. तो मी जाऊ दिला, कारण साचलेले बाहेर आल्याशिवाय माणसे ऐकायला मोकळी होत नाहीत. मग मी एक साधा प्रश्न विचारला: ‘ताई काटकसरी आहेत हे तुमच्या प्रथम कधी लक्षात आले?’

विलासराव मनापासून हसले. ‘अहो, तो तर आमच्याकडचा फेमस किस्सा आहे. नोटाबंदी झाली ना, तेव्हा. 8 नोव्हेंबरला रात्री टीव्हीवर सांगितलं, पाचशे-हजारच्या नोटा बंद. दुसऱ्या दिवशी हिने पिठाच्या डब्याखालून पुडकं काढलं. 23,500 रुपये! मी सगळ्यांना सांगत होतो, आमच्या घरातच काळा पैसा सापडला. अजूनही लग्नकार्यात भाऊबंद तिला चिडवतात.’

ते हसत होते तेव्हा मी सुनीताताईंकडे पाहत होते. त्या पदराच्या टोकाला घडी घालत होत्या, उलगडत होत्या, पुन्हा घालत होत्या.

‘त्या पैशांचे पुढे काय झाले?’ मी विचारले.

विलासरावांना आठवावे लागले. सुनीताताईंचे बँकेचे खाते माहेरच्या गावी, लग्नापूर्वीच्या नावाने होते आणि कित्येक वर्षांत त्यात व्यवहार झालेला नव्हता. त्यामुळे 30 डिसेंबरच्या मुदतीच्या आत नोटा भरल्या गेल्या त्या विलासरावांच्या खात्यात. ‘नंतर… हां, मोटारसायकलचं डाऊन पेमेंट केलं. जुनी गाडी रोज बंद पडत होती.’

‘तेव्हा तुम्ही ताईंना विचारले होते?’

‘विचारायचं काय त्यात? गाडी घरासाठीच घेतली ना.’

त्यानंतर सुनीताताई बोलल्या. त्या रडल्या नाहीत, आवाजही चढवला नाही. ‘ते पैसे माझे नव्हतेच. पहिल्या बाळंतपणात अडचण आली होती तेव्हा ह्यांना चार लोकांपुढे हात पसरावा लागला होता. पुन्हा तशी वेळ येऊ नये म्हणून मी साठवत होते. सुट्ट्या नोटांचं पुडकं मोठं व्हायला लागलं म्हणून वाण्याकडून पाचशेच्या करून घ्यायचे. गाडी घेतली त्याचं मला काही नाही. पण मला चोर ठरवलं आणि मग त्याच पैशाची गाडी घेतली.’

त्या वर्षी सरकारने स्पष्ट केले होते की, गृहिणींनी बँकेत भरलेल्या अडीच लाखांपर्यंतच्या रकमेची चौकशी होणार नाही. म्हणजे सरकारने ज्या पैशाबद्दल विचारले नसते, त्याचा जबाब त्यांना घरात आणि भाऊबंदकीत वर्षानुवर्षे द्यावा लागला होता. विलासराव बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, ‘मी तर कौतुकानेच सांगत होतो सगळ्यांना.’ मला ते खरे वाटते. कौतुकाचा किस्सा आणि चोरीचा आळ या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात मावू शकतात आणि ऐकणाऱ्याच्या वाट्याला त्यातली एकच येते.

या घराची गाठ मला त्या दिवशी उमगली, आणि तसे म्हणताना थोडे समाधानही वाटते, कारण वही कितीही चाळली असती तरी ती तिथे सापडली नसती. नोटाबंदीपूर्वी सुनीताताई एका संकटासाठी पैसे साठवत होत्या. त्यानंतर त्या पैसे राखू लागल्या. साठवणाऱ्याला खर्चाची वेळ आली की दोन पैसे काढून देता येतात, उलट अशा वेळीही देण्याचे समाधान मिळते. राखणाऱ्याला मात्र घरातील प्रत्येक मागणी हल्ल्यासारखी वाटते, मग ती मागणी 650 रुपयांची आणि आपल्याच लेकीची का असेना. मुलीने हे नेमके ओळखले होते. तिने आईची नड पाहून माघार घेतली नव्हती, आईचा पहारा पाहून घेतली होती.

पुढच्या भेटीत आणखी दोन गोष्टी उजेडात आल्या. सुनीताताईंनी सराफाकडे महिना एक हजार रुपयांची भिशी लावली होती आणि वहीत शिलाईची मिळकत तेवढी कमी लिहिली जात होती. ते ऐकून विलासरावांनीही धीर करून सांगितले की, निफाडकडे शेती करणाऱ्या धाकट्या भावाला ते दर महिन्याला दोन हजार पाठवतात. कांद्याचे भाव कोसळले त्या हंगामापासून हे चालू आहे आणि घरी ते ओव्हरटाइम तेवढा कमी सांगतात. म्हणजे खर्चाची बाजू पैशापैशाने खरी आणि जमेची बाजू दोघांकडून मिळून तीन हजारांनी खोटी, अशी ती देखणी वही होती. दोघेही चांगल्या हेतूने लपवत होते, आणि त्याच तीन हजारांच्या तुटीवरून एकमेकांच्या उधळेपणाचा संशय घेत होते.

यानंतरचे काम तुलनेने सोपे होते, तरी ज्यांना अशाच प्रश्नाने घेरले आहे त्यांच्यासाठी ते सविस्तर सांगते. पहिली गोष्ट म्हणजे घराचा हिशेब सर्वांत पडत्या महिन्यावर बसवावा. विलासरावांचा ओव्हरटाइमशिवाय हाती येणारा पगार 21,000 आणि शिलाईचे 4,000, असे 25,000 हेच घराचे उत्पन्न धरले. हप्ता, किराणा, दूध-भाजी, वीज, गॅस, औषधे, पेट्रोल आणि शिक्षण यांची बेरीज 23,900 आली. म्हणजे रोजचे घर काठावर का होईना चालत होते; पडझड होत होती ती ‘अचानक’ आलेल्या खर्चांमुळे. मी त्यांना गेल्या वर्षातील असे खर्च आठवून लिहायला सांगितले. जूनमधील फी आणि वह्या-पुस्तके 14,000, गणपती-दिवाळी 15,000, लग्नांतील आहेर आणि नात्यातली कार्ये 9,000, आजारपण 8,000, गावची यात्रा आणि प्रवास 6,000, गाडीचा विमा व दुरुस्ती 4,500, घरपट्टी-पाणीपट्टी 3,500. बेरीज बरोबर 60,000 झाली, म्हणजे महिन्याला 5,000. जून आणि दिवाळी दरवर्षी ठरलेल्या वेळी येतात. त्यांना अचानक म्हणण्याची आपल्याला उगाच सवय लागली आहे. ओव्हरटाइमचा पैसा प्रथम या 5,000 साठी बाजूला काढायचा आणि तो रोजच्या खर्चात मिसळायचा नाही, असे दोघांनी ठरवले.

दुसऱ्या गोष्टीबाबत मी सहसा माघार घेत नाही. घरातील प्रत्येक मोठ्या माणसाच्या हाती दरमहा काही रक्कम अशी असावी, जिचा हिशेब कोणीही कोणाला विचारणार नाही. विलासरावांना हे लगेच पटले. सुनीताताईंना मात्र स्वतःसाठी महिना तीनशे रुपये ही चैन वाटली. ‘तीनशे रुपयांत तेल येतं मॅडम.’ येते, हे खरेच. पण हे तीनशे रुपये नसल्यामुळे हजार रुपये लपवावे लागत होते, हे त्यांनी स्वतःच हिशेब करून मला सांगितले, आणि दोघींसाठी, म्हणजे सासूबाईंसाठी आणि स्वतःसाठी, मिळून पाचशे ठरवून आल्या. सासूबाईंना मी विसरलेच होते की काय, असे वाचकांना वाटेल. त्या गोष्टीचे श्रेय पूर्णपणे सुनीताताईंचे आहे.

भिशीचे सोने घेऊन झाल्यावर ती पुन्हा लावू नये असे मी सुचवले. सराफाकडे भरलेल्या पैशाला बँकेतील ठेवीसारखे 5 लाखांपर्यंतचे विमा संरक्षण नसते, आणि त्यांची खरी गरज दागिन्याची नव्हती. त्यांनी पोस्टात स्वतःच्या, आताच्या नावाने पाच वर्षांचे आवर्ती ठेव खाते उघडले. या खात्याची सुरुवात महिना 100 रुपयांपासूनही करता येते. त्या खात्यातील पैसे कशासाठी आणि कोणाच्या संमतीने काढायचे, हे वहीच्या पहिल्या पानावर दोघांच्या अक्षरात लिहिलेले आहे. भावाला पाठवायचे पैसे बंद झाले नाहीत. ते वहीत आले, ओव्हरटाइम असलेल्या महिन्यापुरते राहिले, आणि दिराशी त्याबाबत सुनीताताईच बोलल्या. त्यावरून अजूनही अधूनमधून वाद होतो. पण तो आता भावाला किती द्यायचे यावर होतो, कोण खोटे बोलते यावर होत नाही. मुलीला मी एकदाच भेटले. तिला एवढेच सांगितले की, घरात पैसे आहेत की नाहीत हे ठरवणे तिचे काम नाही. मागणे तिचे काम आहे, आणि कधीकधी नकार ऐकणेही.

हा अनुभव ऐकून कोणी आपले डब्यातले पैसे आजच पतीसमोर मांडायला निघू नये, म्हणून एक बाब स्पष्ट करणे आवश्यक वाटते. सुनीताताईंच्या घरात व्यसन नव्हते, मारहाण नव्हती, आणि विलासराव ऐकू शकणारे होते. जिथे पगार दारूत किंवा ऑनलाइन जुगारात जातो, जिथे बाईची कमाई हिसकावून घेतली जाते, तिथे लपवलेला पैसा हे तिचे संरक्षण असते आणि तो उघड करायला मी कधीही सांगत नाही. घरखर्चाला पैसे न देणे किंवा स्त्रीधन बळकावणे हा 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानुसार आर्थिक छळ ठरतो आणि त्यासाठी जिल्ह्याच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. अशा स्त्रीने आधी स्वतःच्या चालू नावाने, सासरच्यांचा व्यवहार नसलेल्या बँकेत खाते उघडावे, त्याला स्वतःच्याच ताब्यातील मोबाइल क्रमांक जोडावा, आणि पासबुक माहेरी किंवा विश्वासातील मैत्रिणीकडे ठेवावे. वहीचा विचार त्यानंतर करता येईल.