सिझेरियनआधी भावाची जुनी फाइल मिळवा

चौतिसावा आठवडा, बाळ पायाळू, भावाला ॲपेंडिक्सच्या ऑपरेशननंतर तासन्‌तास व्हेंटिलेटरवर ठेवावे लागले होते, तर स्पायनल (पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करणारी भूल) घ्यावी की पूर्ण भूल, हा आपला प्रश्न वाचला. आपण आर्य वैश्य असल्याचा उल्लेख वाचून तर राहवले नाही. 2014 मध्ये माझेही हेच झाले.

बाळाचे ठोके मंदावल्याने मला घाईने पूर्ण भूल दिली. त्या वेळी स्नायू सैल करायला देतात ते सक्सिनिलकोलीन एरवी 5-10 मिनिटांत उतरते. ज्या एन्झाइमने ते मोडते, ते स्यूडोकोलिनेस्टरेज आपल्या आर्य वैश्य समाजात काहींच्या रक्तात जन्मतःच जवळजवळ नसते. मी 5 तास व्हेंटिलेटरवर होते. मध्येच भूल हलकी झाली, तेव्हा मावशींनी सांगितलेले बाळाचे वजन, ‘दोन किलो आठशे’, मला स्पष्ट ऐकू आले, पण पापणीसुद्धा हलवता आली नाही.

खरी चूक पुढची. डिस्चार्ज कार्डावर ‘सिझेरियन, प्रकृती ठीक’ एवढेच होते आणि आम्ही ते मुकाट्याने घेऊन घरी आलो. 2019 मध्ये पुन्हा दिवस गेल्यावर भुलीचा कागद मागितला, तर तिथल्या रेकॉर्ड विभागाने चार खेपा घालायला लावून शेवटी फाइल नष्ट केल्याचे सांगितले. हे पहिल्याच दिवशी सांगता आले नसते का? भरती रुग्णाची कागदपत्रे तीन वर्षे जपणे आणि मागितल्यास 72 तासांत देणे डॉक्टरांवर 2002 च्या नियमावलीने बंधनकारक आहे. माझी मुदत उलटून गेली होती. भावाची फाइल असेल तर आजच मागा.

मी बँकेत नोकरी करते, डॉक्टर नाही, निर्णय भूलतज्ज्ञांचाच. तरी माझे मत स्पायनलच्या बाजूचे आहे, कारण त्यातले बधिर करणारे नेहमीचे औषध ब्युपिवाकेन या एन्झाइमवर अवलंबून नसते. क्लोरोप्रोकेन हे तसलेच दुसरे औषध मात्र असते. स्पायनल लागली नाही तर काय, हेही आधीच ठरवा: सक्सिनिलकोलीनऐवजी देता येणारे रोक्युरोनियम आणि त्याचा उतारा सुगामाडेक्स रुग्णालयात आहे का, असे थेट विचारा. गरोदरपणात हे एन्झाइम मुळातच घटते, त्यामुळे आपल्या रक्ततपासणीत ते थोडे कमी आल्यास घाबरू नका, मात्र भावाचीही तपासणी करा. त्याच्यात हा दोष निघाला, तर सख्ख्या भावंडात तो तसाच असण्याची शक्यता किमान चारात एक असते.

दुसऱ्या खेपेला मी फाइलच्या वेष्टनावर लाल शाईने ‘सक्सिनिलकोलीन देऊ नये’ असे लिहिले आणि ती ओटीच्या दारात भूलतज्ज्ञांच्या हातात स्वतः दिली.