फुफ्फुसातले व्हॉल्व्ह : टाका नाही म्हणजे धोका नाही, असं नसतं

तीव्र एम्फिसीमात (फुफ्फुसातले हवेचे बारीक फुगे, म्हणजे वायुकोश, नष्ट होण्याचा आजार) श्वासनलिकेत दुर्बीण घालून बसवायच्या व्हॉल्व्हबद्दल पत्रं येतात आणि बहुतेकांत तोच गोंधळ असतो. म्हणून एकत्र उत्तरं.

व्हॉल्व्ह बसवले की फुफ्फुस पूर्वीसारखं होईल ना?

नाही. नष्ट झालेले वायुकोश परत येत नाहीत. सर्वांत खराब लोबमध्ये, म्हणजे फुफ्फुसाच्या एका भागात, हवा अडकते, तो फुगतो आणि बऱ्या भागाला दाबतो. एकमार्गी व्हॉल्व्ह त्यातली हवा बाहेर सोडतात, आत येऊ देत नाहीत. लोब आक्रसला की बाकीच्यांना जागा मिळते, दम कमी लागतो. इनहेलर चालूच राहतात.

सिगारेट दोनवर आणली आहे. चालेल?

नाही. पूर्ण बंद, तीही काही महिने आधीपासून.

मित्राला व्हॉल्व्ह बसवले. मला मात्र ‘फिशर अपूर्ण’ म्हणून नकार मिळाला. असं का?

फिशर म्हणजे दोन लोबांमधली सीमा. ती अखंड नसेल, तर पुढचं दार लावून मागचं उघडं ठेवल्यासारखं होतं. शेजारच्या लोबमधून हवा येतच राहते. तुमच्या डॉक्टरांनी नकार दिला, हे बरं केलं. सीटीवरून शंका राहिली तर दुर्बिणीतून बलूनने त्या लोबची वाट बंद करून हवेचा प्रवाह मोजता येतो. काहींना खराब भाग कापून काढायच्या शस्त्रक्रियेचा पर्याय उरतो, पण सरसकट नाही. या शस्त्रक्रियेच्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीचे निकाल 2003 साली आले. त्यात वरच्या लोबमध्ये आजार आणि चालण्याची ताकद कमी असलेल्यांना सर्वाधिक फायदा दिसला. फारच खालावलेल्या फुफ्फुसांत मृत्यूचा धोका वाढला. छातीरोगतज्ज्ञ आणि सर्जन दोघांचं मत घ्या.

काप नाही, टाका नाही. सकाळी करून संध्याकाळी घरी जाता येतं, असं एकाने सांगितलं.

त्यांना रात्री दोनला फोन करून बघा, उचलतात का! खराब लोब झपाट्याने आक्रसला की शेजारचा लोब ती जागा भरायला ताणला जातो. तोही आजारीच. कुठेतरी फाटतो आणि हवा फुफ्फुसाबाहेर, छातीच्या पोकळीत साचते. हा न्यूमोथोरॅक्स. साधारण चार रुग्णांमागे एकाला होतो, आणि व्हॉल्व्हने काम चोख केलं तिथेच जास्त. बहुतेक वेळा पहिल्या तीन दिवसांत. म्हणून किमान तीन रात्री रुग्णालयात, एक्स-रे आणि छातीत नळी टाकायची तयारी. वेळेत नळी पडली तर बहुतेक जण सावरतात. उशीर जिवावर बेतू शकतो, कारण या रुग्णांकडे श्वासाची शिल्लकच नसते. घरी गेल्यावरही काही दिवस एकटं राहू नका. अचानक दम वाढला किंवा छातीत दुखलं तर नेब्युलायझर लावून ‘बघू थोडा वेळ’ म्हणत बसू नका. थेट इमर्जन्सीत जा आणि व्हॉल्व्ह बसवलेत हे आधी सांगा. तारीख ठरवण्यापूर्वी एवढंच विचारा : रात्री गरज पडली तर नळी कोण टाकणार? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरीकडे जा.

स्टेम सेलच्या जाहिरातीत फुफ्फुस नवं होतं म्हणतात.

एम्फिसीमासाठी हा उपचार सिद्ध झालेला नाही. पैसे भरू नका. इंजेक्शन घेऊन झालं असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

ऑक्सिजन लागेपर्यंत थांबावं का? सध्या नुसता व्यायाम सांगितलाय.

थांबू नका, आणि त्या व्यायामाला ‘नुसता’ म्हणू नका. पल्मनरी रिहॅब, म्हणजे फुफ्फुसाच्या रुग्णांसाठी आखलेला व्यायाम, हा तयारीचाच भाग आहे. फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा दाब किंवा रक्तातला कार्बन डायऑक्साइड फार वाढला की निवडीतून नाव गळतं. साध्या स्पायरोमेट्रीत, म्हणजे नळीत फुंकायच्या चाचणीत, आत अडकलेली हवा मोजली जात नाही. त्यासाठी फुफ्फुसाच्या आकारमानाची चाचणी, शिवाय एचआरसीटी (छातीचा बारकाईचा सीटी स्कॅन), सहा मिनिटांची चाल आणि टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) लागतात. हे सगळं घेऊन छातीरोगतज्ज्ञांसमोर बसा. रिपोर्टचा फोटो पाठवून ‘करू की नको’ विचारू नका.