वाचक विचारतात : डेव्हिस कपमध्ये आपलं घोडं पेंड कुठे खातं?

डेव्हिस कप म्हणजे देशादेशांच्या टीमची टेनिस स्पर्धा. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यात आपल्या टीमने स्वित्झर्लंडला त्यांच्याच घरात हरवलं आणि तेव्हापासून या सदराकडे टेनिसचे प्रश्न यायला लागलेत, त्यातले बरेचसे डेव्हिस कपचेच. म्हणून यावेळी दुसरं काही घेतलंच नाही.

प्रश्न : बातमीत "भारताने टाय जिंकली" असं वाचलं. टाय म्हणजे बरोबरी ना? मग जिंकली कशी?

माझाही लहानपणी हाच गोंधळ व्हायचा. डेव्हिस कपमध्ये दोन देशांच्या अख्ख्या लढतीला टाय म्हणतात. त्यात पाच मॅच, चार सिंगल्स आणि एक डबल्स, ज्याच्या आधी तीन होतील तो देश जिंकला. तीन झाल्यावर उरलेल्या मॅचला डेड रबर म्हणतात, ती कधी खेळतात कधी सोडून देतात, म्हणून निकाल कधी ३-१ दिसतो कधी ४-१. पूर्वी हे तीन दिवस चालायचं, आपण ज्या ग्रुपात खेळतो तिथे आता दोन दिवसात उरकतं.

प्रश्न : लिअँडर, भूपती, बोपण्णा, डबल्सचे एवढे मोठे प्लेअर आपल्याकडे झाले तरी डेव्हिस कप एकदाही का नाही आला? असोसिएशनचं राजकारण नडलं का?

राजकारण आहेच हो, कुठल्या खेळात नाही, पण खरं कारण वरच्या उत्तरातच आलंय. पाचपैकी डबल्स एकच. लिअँडर पेस आणि महेश भूपती या जोडीने डेव्हिस कपमध्ये सलग २४ डबल्स जिंकल्या, हा रेकॉर्ड आहे, गंमत नाही. तरी त्या काळात टीम वर्ल्ड ग्रुपमध्ये, म्हणजे कप ज्यांच्यात ठरायचा त्या वरच्या गटात, किती टिकली बघा, १९९८ मध्ये गेलो तर पहिल्याच राउंडला इटलीत हरून परत. पुन्हा वर्ल्ड ग्रुप दिसला तो थेट २०१० ला. दोन चांगले डबल्सवाले एक पॉइंट आणून देतात, बाकीचे दोन कोण आणणार? ते सिंगल्सवाल्यांनीच आणायचे असतात आणि तिथेच घोडं पेंड खातं.

२०१४ ची बंगलोरची सर्बियाविरुद्धची टाय आठवते का? त्यांचा जोकोविच आलाच नव्हता. आपण पहिल्या दिवशी ०-२ मागे पडलो, मग लिअँडर-बोपण्णाने दोन सेटची पिछाडी भरून काढून डबल्स मारली, सोमदेव देववर्मनने पाच सेट झुंजून २-२ केलं आणि शेवटच्या सिंगल्सला पावसाने खोडा घातला, दुसऱ्या दिवशी ती मॅच पुढे चालू झाली आणि आपण हरलो. २०१९ ला कोलकात्यात इटलीविरुद्धही तेच, डबल्स आपली, सिंगल्स तिन्ही त्यांच्या. डबल्स जिंकून टाय हरायची आपल्याला सवयच झालीये म्हणा ना.

प्रश्न : माझे वडील नेहमी सांगतात की १९७४ ला कप आपलाच होता, सरकारने सोडला. खरं आहे का की जुन्या लोकांच्या गप्पा?

गप्पा नाहीत. फक्त "आपलाच होता" याच्यापुढे "बहुतेक" लावा.

त्यावर्षी विजय आणि आनंद हे अमृतराज भाऊ, जसजित सिंग, शशी मेनन अशी टीम होती. कोलकात्यात ऑस्ट्रेलियाला ३-२ हरवलं आणि ती टाय इतकी लांबली की एकूण ३२७ गेम झाले, डेव्हिस कपच्या एका टायमध्ये याहून जास्त गेम कधीच झालेले नाहीत. तेव्हा टायब्रेक नव्हता, दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत सेट चालूच, त्यामुळे डबल्समध्ये १७-१५ असले आकडे दिसतात. कोलकात्याच्या उकाड्यात हे खेळायचं म्हणजे काय झालं असेल विचार करा. मग सेमीफायनलला सोव्हिएत युनियन, ती टाय आपल्या पुण्यात झाली आणि आपण ३-१ ने जिंकलो. पुण्यातल्या टेनिसवाल्या एखाद्या आजोबांना विचारून बघा, अजून रंगून सांगतील.

फायनलला समोर आली दक्षिण आफ्रिका. तिथे वर्णभेदाचं सरकार, आपले त्यांच्याशी कसलेच संबंध नाहीत, खेळाचेही नाहीत. भारताने खेळायला नकार दिला आणि कप दक्षिण आफ्रिकेला न खेळताच मिळाला. फायनल न खेळता कप गेला असं डेव्हिस कपच्या इतिहासात तेवढ्या एकदाच झालंय. विजय तेव्हा विशीतला पोरगा, फॉर्म जबरदस्त, आणि हातातोंडाशी आलेला घास असा गेला. पण वडिलांना माझ्याकडून एवढं सांगा की सोडला ते बरोबरच केलं, आणि चुटपुट लागली ती पण बरोबर. दोन्ही एकदम वाटू शकतं की.

प्रश्न : फायनलला आपण एकूण किती वेळा गेलो?

तीनदा. १९६६, १९७४ आणि १९८७.

१९६६ ला कोलकात्यात ब्राझीलविरुद्ध २-२ झालं होतं, शेवटची मॅच रामनाथन कृष्णन आणि थॉमस कॉख यांची. कृष्णन एक सेट मागे आणि चौथ्या सेटमध्ये २-५, म्हणजे संपलंच जवळजवळ. तिथून त्यांनी तो सेट ७-५ घेतला आणि पाचवा पण. फायनलला मेलबर्नमध्ये ऑस्ट्रेलियाकडून ४-१ हरलो, तो एक पॉइंट कृष्णन आणि जयदीप मुखर्जी यांनी न्यूकम्ब-रोश या जोडीला डबल्समध्ये हरवून मिळवला.

१९८७ ची स्टोरी तर मला जास्तच आवडते. पहिल्याच राउंडला दिल्लीत अर्जेंटिनाविरुद्ध ३३ वर्षांचा विजय मार्टिन हाइतेसमोर मॅच पॉइंट वाचवून पाच सेटमध्ये जिंकला, ती मॅच गेली असती तर पुढचं काहीच झालं नसतं. मग सेमीफायनलला सिडनीत ग्रासवर, म्हणजे गवताच्या कोर्टवर, ऑस्ट्रेलिया, आणि कृष्णन यांचा मुलगा रमेश याने शेवटच्या मॅचला वॉली मझूरला सरळ सेटमध्ये हरवून टीमला फायनलला नेलं. रमेशची सर्व्हिस म्हणजे अगदी हळू, त्याच्या खेळात जोर असा नव्हताच, सगळं टायमिंग आणि हाताची कला. फायनलला स्वीडनने काय केलं, गोथेनबर्गच्या इनडोअर हॉलमध्ये क्ले, म्हणजे मातीचं, कोर्ट घालून घेतलं! समोर त्यांचा विलांडर. ५-० ने उडालो. यजमानाला कोर्ट निवडायचा हक्क असतो, त्यामुळे चिडून उपयोग नाही, आपण आयुष्यभर पाहुण्यांना ग्रासवर खेळवून तेच केलंय.

प्रश्न : मग आताही ग्रासवरच का नाही खेळत घरच्या मॅच? सगळे युरोपियन घसरून पडतील.

तो काळ गेला. पूर्वी आपली पोरं ग्रासवर वाढायची, चेंडू कमी उसळायचा, सर्व्ह करून नेटवर धावायची सवय असायची आणि पाहुण्यांची पाचावर धारण बसायची. १९९५ मध्ये दिल्लीत लिअँडरने क्रोएशियाच्या इव्हानिसेविचला ग्रासवर दोन सेट मागून येऊन हरवलं होतं, तोच इव्हानिसेविच पुढे विम्बल्डन जिंकला. आता आपले प्लेअर पण वर्षभर हार्डकोर्ट आणि क्लेवर खेळतात, म्हणजे ग्रास आपल्यालाही परकं. तरी हा डाव कधी लागतो, २०२२ ला दिल्लीत डेन्मार्कला ग्रासवर ४-० ने हरवलं. पण २०१९ ची ती इटलीची टाय कोलकात्याच्या ग्रासवरच होती आणि तिथे आपल्याला हरवणाऱ्यांत बेरेटिनी होता, दोन वर्षांनी तो विम्बल्डनच्या फायनलला! समोरचा असा निघाला तर गवत काय करणार.

प्रश्न : एवढे जुने पराक्रम आहेत तर मग स्वित्झर्लंडविरुद्धच्या विजयाचं इतकं कौतुक कशाला? फेडरर तर कधीच रिटायर झालाय.

फेडरर नव्हता, मान्य. पण टाय झाली ते बील हे त्यांचं गाव, इनडोअर कोर्ट त्यांचं, प्रेक्षक त्यांचे, आणि युरोपातल्या टीमला युरोपात जाऊन हरवण्याचं काम आपण त्याआधी १९९३ मध्ये केलं होतं, फ्रान्सविरुद्ध, लिअँडर आणि रमेशने क्लेवर. मध्ये ३२ वर्षं गेली, त्यात नॉर्वे, डेन्मार्क, स्वीडन सगळीकडे जाऊन हरून आलो.

आणि मला जास्त बरं वाटलं ते कसं जिंकलो याचं. पहिली मॅच दक्षिणेश्वर सुरेशची, डेव्हिस कपमधली त्याची पहिलीच, रँकिंग ६०० च्या पुढे, समोर जेरोम किम, जो त्याच्यापेक्षा कितीतरी वर. उंच पोरगा, सर्व्ह अशी की समोरच्याला सूर सापडायच्या आत गेम संपलेला, सरळ दोन सेटमध्ये जिंकला. मग सुमीत नागलने आपली मॅच घेतली, दुसऱ्या दिवशी डबल्स आपण हरलो (बघा!) आणि सुमीतने दुसरी सिंगल्स जिंकून ३-१ केलं. तिन्ही पॉइंट सिंगल्सचे. कित्येक वर्षं उलटं चाललं होतं, म्हणून कौतुक.

प्रश्न : आता तीन सेटचीच मॅच असते. त्यात मजा राहिली का?

मला विचाराल तर नाही. पण स्वार्थ बघितला तर आपल्याला हे सोयीचं आहे. रँकिंगने खालचा प्लेअर तीन सेटमध्ये एखाद्याला चकवू शकतो, पाच सेटमध्ये समोरच्याला सावरायला वेळ मिळतो. २०१८ ला चीनमध्ये तियानजिनला आपण ०-२ वरून ३-२ जिंकलो ते तीन सेटच्याच मॅच होत्या. तिथेच लिअँडरने बोपण्णाबरोबर डेव्हिस कपमधली आपली ४३ वी डबल्स जिंकून इटलीच्या पिएत्रांजेलीचा रेकॉर्ड मोडला.

प्रश्न : तुम्ही स्वतः कधी डेव्हिस कपची टाय प्रत्यक्ष बघितलीय का?

हो, फेब्रुवारी २०१७, बालेवाडी, न्यूझीलंडविरुद्ध. शनिवारी गेलो होतो कारण शनिवारी डबल्स आणि डबल्स म्हणजे लिअँडर. तो रेकॉर्ड खरं तर तिथेच व्हायचा होता, ४३ वा विजय पुण्यात, म्हणून स्टँडमध्ये माझ्यासारखेच फक्त त्याच्यासाठी आलेले खूप. बरोबर विष्णू वर्धन. पहिला सेट घेतला तेव्हा माझ्या शेजारच्या काकांनी फोन काढून रेकॉर्डिंगची तयारी पण करून ठेवली. मग दुसरा गेला, तिसरा टायब्रेकला जाऊन गेला, चौथा पण गेला. लिअँडर प्रत्येक पॉइंटनंतर जाऊन विष्णूच्या हातावर टाळी देत होता, पॉइंट गेला तरी. काकांनी फोन खिशात टाकला आणि आम्ही सगळे तोंड पाडून पार्किंगकडे निघालो, आपण २-१ पुढे आहोत हे कुणाच्या डोक्यातच नाही.

रविवारी मी गेलो नाही. रामकुमार रामनाथनने सिंगल्स जिंकून टाय घेतली, मग युकी भांबरीने पण आपली जिंकली आणि ४-१ झालं. ते मी सोमवारी पेपरात वाचलं.