वाढदिवसाच्या शुभेच्छांनी पकडून दिलेला हेर

प्रश्न : फाळणी झालेल्या देशांतील हेरांच्या कथांमध्ये एक प्रसंग हमखास येतो. पलीकडच्या मुलखात पाठवलेल्या हेराला, ज्याच्यावर पाळत ठेवायची त्याचाच लळा लागतो. असे प्रत्यक्षात कधी घडले आहे का, की ही केवळ कथालेखकांची सोय आहे? (एक वाचक, मिरज)

उत्तर : घडले आहे, मात्र कथेत असते तितके सरळ नाही. जर्मनी दुभंगलेला असताना पूर्वेच्या ग्युंटर गियोम या हेराने पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर, म्हणजे सरकारप्रमुख, विली ब्रांट यांच्या सावलीसारखे वावरून जी काही वर्षे काढली, ती या प्रश्नाच्या अगदी जवळ जाणारी आहेत.

गियोम आणि त्याची पत्नी क्रिस्टेल 1956 मध्ये निर्वासित म्हणून फ्रँकफर्टमध्ये आले. 1961 मध्ये बर्लिनची भिंत उभी राहण्यापूर्वी लाखो माणसे पूर्वेकडून अशीच पश्चिमेला येत होती आणि त्या लोंढ्यात एखादे जोडपे स्टासीने, म्हणजे पूर्व जर्मनीच्या राज्यसुरक्षा खात्याने, पेरलेले असेल, हे ओळखणे सोपे नव्हते. फ्रँकफर्टच्या कॅथेड्रलजवळ कुटुंबाने कॉफी आणि तंबाखूचे दुकान थाटले. पुढे गियोम ब्रांट यांच्याच सोशल डेमोक्रॅटिक पक्षाच्या स्थानिक कामात शिरला. तेथे त्याची ओळख पक्षाच्या उजव्या गटातला, साम्यवाद्यांना विरोध करणारा, पडेल ते काम अंगावर घेणारा कार्यकर्ता अशी झाली. सभागृह ठरवणे, पत्रके वाटणे, उमेदवाराच्या दौऱ्याचे वेळापत्रक सांभाळणे ही कामे हुशार माणसे टाळतात आणि नेमकी तीच करणारा माणूस नेत्यांना हवासा वाटतो. 1969 च्या निवडणुकीत पक्षाचे नेते गेओर्ग लेबर यांचा प्रचार त्याने सांभाळला, 1970 मध्ये तो पश्चिम जर्मनीची राजधानी बॉन येथील चॅन्सेलरच्या कार्यालयात दाखल झाला आणि 1972 मध्ये पक्षविषयक कामांसाठी थेट ब्रांट यांचा साहाय्यक झाला.

येथून प्रकरण विलक्षण होते. दोन्ही जर्मनींमधील अबोला संपवण्याचा प्रयत्न ज्याने सर्वाधिक नेटाने केला, तो पश्चिमेकडील नेता म्हणजे हेच ब्रांट. मार्च 1970 मध्ये ते पूर्व जर्मनीतील एरफुर्टला गेले, तेव्हा त्यांच्या हॉटेलबाहेर जमलेल्या पूर्वेच्या नागरिकांनी त्यांच्या नावाचा जयघोष केला. 1971 मध्ये त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले आणि 1972 च्या अखेरीस दोन्ही राज्यांमध्ये मूलभूत करार झाला. एप्रिल 1972 मध्ये विरोधकांनी त्यांच्याविरुद्ध आणलेला अविश्वास ठराव अवघ्या दोन मतांनी फसला. त्यातील एक मत स्टासीने 50,000 मार्क मोजून विकत घेतले होते, हे पुढे उघड झाले. म्हणजे पूर्वेचे एकच खाते एका हाताने ब्रांट यांची खुर्ची सावरत होते आणि दुसऱ्या हाताने त्याच खुर्चीमागे हेर उभा करत होते.

गियोमला ब्रांट यांच्याविषयी खरा आदर वाटत असे आणि पूर्वेशी मैत्री जोडणाऱ्या नेत्याची सेवा करणे त्याला आपल्या मूळ कामाशी विसंगत वाटत नसावे. प्रचाराच्या रेल्वेगाडीत तो त्यांच्यासोबत असे, त्यांचे सामान, भेटी, निरोप सांभाळत असे. ब्रांट यांच्या लेखी मात्र तो विश्वासू, कामसू आणि काहीसा कंटाळवाणा साहाय्यक होता. गप्पा माराव्यात असा माणूस नव्हे. तेव्हा लळा होता, पण तो बहुतांशी एकाच बाजूने होता, असे माझे मत आहे.

एक योगायोग मात्र नोंदवायला हवा. विली ब्रांट हे नावही मूळचे नव्हे. हेर्बर्ट फ्राम या नावाने जन्मलेला हा तरुण नाझी सत्तेवर येताच 1933 मध्ये नॉर्वेला निसटला, भूमिगत कामासाठी त्याने ब्रांट हे नाव घेतले आणि 1936 मध्ये तो नॉर्वेजियन विद्यार्थी असल्याची बतावणी करून काही महिने हिटलरच्या बर्लिनमध्ये राहिला. खोट्या नावाने जगणे म्हणजे काय, हे त्या कार्यालयात गियोमखेरीज आणखी कोणाला नेमके ठाऊक असेल, तर ते चॅन्सेलरनाच!

गियोम सापडला तो कोणतेही गुपित चोरताना नव्हे. पन्नासच्या दशकात स्टासी आपल्या हेरांना लघुलहरींच्या रेडिओवरून आकड्यांच्या संकेतात निरोप पाठवत असे आणि पश्चिमेने ते टिपून उलगडले होते. त्यांत कामाच्या सूचनांबरोबर घरगुती मायाही होती : 1 फेब्रुवारीच्या सुमारास एका हेराला वाढदिवसाच्या शुभेच्छा, ऑक्टोबरच्या आरंभी त्याच्या पत्नीला, आणि एप्रिल 1957 मध्ये ‘दुसऱ्या पुरुषा’बद्दल अभिनंदन. हे कागद वर्षानुवर्षे फायलींत पडून होते. 1973 च्या आरंभी एका अधिकाऱ्याला गियोमचे नाव हेरगिरीच्या निरनिराळ्या प्रकरणांत पुन्हापुन्हा आढळले; त्याचा वाढदिवस, पत्नीचा वाढदिवस आणि मुलाचा जन्म त्या जुन्या निरोपांशी ताडून पाहिल्यावर तिन्ही जुळले. वरिष्ठांनी दूरदेशीच्या माणसाला आठवणीने पाठवलेले चार शब्द सोळा-सतरा वर्षांनी त्याच्या गळ्याशी आले.

मे 1973 च्या अखेरीस गृहमंत्री गेन्शर यांनी ब्रांट यांना संशयाची कल्पना दिली, परंतु पुरावा हाती लागावा म्हणून गियोमला जागेवरून हलवू नये असे ठरले. ही चूक अक्षम्य होती. त्या उन्हाळ्यात ब्रांट नॉर्वेतील हामारला सुटीवर गेले, तेव्हा त्यांच्यासोबत गियोमच होता आणि गोपनीय तारा त्याच्याच हातून जात होत्या. इतकी पाळत ठेवूनही ठोस पुरावा मिळाला नाही. अखेर 24 एप्रिल 1974 च्या सकाळी पोलीस दाराशी आले, तेव्हा आपण पूर्व जर्मन सैन्याचे अधिकारी आहोत आणि आपला मान राखला जावा, असे त्याने आपण होऊनच सांगून टाकले. इतकी वर्षे मिटलेले तोंड नेमके त्या क्षणी का उघडले, हे कोडेच आहे. मला वाटते, आपण खरे कोण आहोत हे एकदा मोठ्याने म्हणण्याची त्याला भूक असावी.

6 मे रोजी ब्रांट यांनी राजीनामा लिहिला. पक्षांतर्गत कुरबुरी, थकवा आणि खासगी आयुष्याच्या चर्चेचे भय ही कारणेही त्यामागे होती, परंतु निमित्त गियोमच ठरला. ब्रांट यांना पाडण्याचा आपला हेतू कधीच नव्हता आणि हा आपल्याच अंगावर उलटलेला डाव होता, असे स्टासीचे हेरप्रमुख मार्कुस वोल्फ पुढे कबूल करत राहिले.

प्रश्न : अशा हेराच्या घरच्यांना खरे काय ते माहीत असते का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : या घरात पत्नीला सर्व काही माहीत होते, कारण तीही हेरच होती, किंबहुना आरंभी हेसेन या घटकराज्याच्या चॅन्सेलरीत, म्हणजे तेथील सरकारप्रमुखाच्या कार्यालयात, नोकरी मिळवून ती नवऱ्याच्याही पुढे गेली होती. मुलाला काहीच माहीत नव्हते. आपले वडील कोण हे त्याला वयाच्या सतराव्या वर्षी, अटकेच्या सकाळी कळले. डिसेंबर 1975 मध्ये ग्युंटरला 13 आणि क्रिस्टेलला 8 वर्षांची शिक्षा झाली आणि 1981 मध्ये दोघांनाही कैद्यांच्या अदलाबदलीत पूर्वेकडे पाठवण्यात आले. तेथे पोहोचल्यावर त्याच वर्षी त्यांचा घटस्फोट झाला. गियोमने पुढे दुसरे लग्न करून त्या पत्नीचे आडनाव घेतले, तर मुलाने आईचे माहेरचे आडनाव लावले. 1995 मध्ये गियोम वारला, तेव्हा गियोम हे आडनाव त्याचेही राहिले नव्हते आणि त्याच्या मुलाचेही नव्हते.